वेलांटीला जागा

बदली होऊन या शाळेत आले आणि दुसरीचा वर्ग माझ्याकडे आला. नवा वर्ग मिळाला की मी आधी वह्या मागवते. त्या गठ्ठ्यात एक वही अशी निघाली की बघत राहावं. दुरेघी वही, प्रत्येक अक्षर वरच्या रेघेला नीट टेकलेलं, काना सरळ, उकार खालच्या रेघेखाली हवा तेवढाच उतरलेला. 'माझी शाळा' नावाचा निबंध होता. माझ्या शाळेचे नाव अमुक आहे, माझ्या शाळेला मोठे पटांगण आहे, मला माझी शाळा खूप आवडते. आणि त्यापुढे, त्याच ओळीत, त्याच सुबक अक्षरात: 'पट २७ हजर २३'. त्याच्याखाली 'नेहमी खरे बोलावे'. मी मान वर करून फळ्याकडे पाहिलं. डाव्या कोपऱ्यात पट आणि हजेरी, वर सुविचार. फळ्यावर त्या दिवशी जे जे होतं ते ते पोराने इमानाने वहीत आणलं होतं. त्याला जवळ बोलावलं, म्हटलं, वाचून दाखव बरं. पहिली दोन वाक्यं त्याने घडाघडा म्हटली, ती वर्गात सगळ्यांनी मिळून म्हटलेली असणार. तिसऱ्या ओळीपाशी बोट थांबलं. "काय लिहिलंयस रे हे?" मी विचारलं. त्याने माझ्याकडे नवलाने पाहिलं आणि सांगितलं, "फयावरलं."

फळ्यावरचं. उत्तर अगदी बरोबर होतं. त्याला कसलीही लाज वाटली नाही, वाटायचं कारणही नव्हतं. दोन वर्षं शाळेने त्याला जे करायला सांगितलं ते त्याने वर्गात सगळ्यांहून चांगलं केलं होतं. फळ्यावरचं वहीत आणणं म्हणजे लिहिणं, हे तो चोख शिकला होता. ते उत्तर पुढे कित्येक दिवस माझ्या डोक्यातून जाईना. सायंकाळी बसची वाट बघत फाट्यावर उभी असताना, भाकरी थापताना, मधूनच ते आठवायचं. एवढी छान बोटं आणि एवढी चिकाटी असलेल्या मुलाला आपण काही सांगण्यासाठीही लिहितात याचा पत्ताच लागू नये!

आपल्या प्राथमिक शाळेत लिहिण्याचे तास कोणते ते आठवून बघा. शुद्धलेखन, म्हणजे पुस्तकातला उतारा रोज एक पान उतरवून आणायचा. श्रुतलेखन, म्हणजे बाई म्हणतील तो शब्द लिहायचा. निबंध, म्हणजे बहुतेक ठिकाणी फळ्यावरच्या दहा ओळी. तिन्ही ठिकाणी हात मुलाचा आणि शब्द दुसऱ्याचे. आपल्याकडे याची मुळं खोल आहेत. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात पहिला समास लेखनक्रियेवरच लिहिला. अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं कसं असावं, बोरू कसे निवडावेत, शाई-कागद कसा असावा, सगळं त्यात आहे. मला तो समास मनापासून आवडतो. पण तो ज्या काळातला आहे त्या काळी आपल्याकडे ग्रंथ सर्रास छापले जात नव्हते. ग्रंथ टिकायचा तर कुणीतरी तो अक्षरशः नकलून काढला पाहिजे, आणि वाचणाऱ्याला तो नीट लागला पाहिजे. तेव्हा सुंदर अक्षरात केलेली नक्कल हे फार मोठं काम होतं. ती गरज केव्हाच सरली. सवय तेवढी आमच्या वर्गांत राहून गेली.

सुंदर अक्षराला मी कमी लेखत नाही. दगडी पाटीवर ओल्या फडक्याने पुसल्यावर येणारा तो थंड वास, वाळल्यावर पुन्हा दिसणारी पांढुरकी रेघ, पेन्सिल जरा तिरपी लागली की दातांत कळ आणणारा आवाज, आणि त्या पेन्सिलीचा तुकडा हळूच चघळण्याची चोरटी चव, हे सगळं माझ्या अंगात अजून आहे. 'श' चांगला जमला म्हणून ती पाटी न पुसता घरी आईला दाखवायला नेलेली मला आठवते. दप्तर छातीशी आडवं धरून, पाटी फ्रॉकला घासू नये म्हणून जपत. मुलाला अक्षर घडवण्यात खरोखर आनंद असतो आणि तो त्याच्यापासून काढून घेऊ नये. माझं म्हणणं इतकंच की माझं लिहिणं पाटीवर सुरू झालं नाही. ते आजीच्या पत्रांपासून सुरू झालं.

आमची आजी अंगठेबहाद्दर. आत्या लग्न होऊन सुरतेला गेली होती. खानदेशातली निम्मी घरं तेव्हा कामासाठी सुरतेत एक पाय ठेवून असायची. महिन्याकाठी कधीतरी दुपारी आजी निळं आंतरदेशीय पत्र पुढ्यात टाकायची आणि म्हणायची, लिख. ती अहिराणीत सांगायची. वेग असा की माझा हात निम्म्यावर असतानाच तिची गाय व्यालेली असायची, शेजारणीचं भांडण मिटलेलं असायचं आणि ती भुईमुगाच्या भावापाशी पोचलेली असायची. पत्र मराठीत लिहायचं असतं हे कुणी न सांगताच मला माहीत होतं, म्हणून मी तिचं बोलणं मनातल्या मनात मराठीत करून लिहायचे. जागा संपत आली की अक्षर बारीक व्हायचं, मग चिकटवायच्या घडीवरही दोन ओळी आडव्या जायच्या. आणि मग पंधरा-वीस दिवसांनी सुरतेहून उत्तर यायचं. आम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यात असायचं! आम्ही या ओसरीवर बसून विचारलं होतं, बाळाचा ताप उतरला का, आणि तिकडून आत्याने लिहिलं होतं, उतरला. मला तो चमत्कार वाटायचा. शाळेत शुद्धलेखनाच्या वहीत पानामागून पान लिहूनही कुणी कधी उत्तर दिलं नव्हतं. तिथे फक्त बरोबरची खूण यायची.

लिहिलेल्याला उत्तर येतं, हे कळायलाच हवं.

आता जरा एका मुलाशेजारी बसून तो एक शब्द लिहिताना बघू या. शब्द साधाच, चिमणी. तो आधी ओठांतल्या ओठांत म्हणतो, चि. कानाला आधी 'च' ऐकू येतो, मागून 'इ'. म्हणून तो च काढतो, समासाच्या रेघेला अगदी खेटून, कारण ओळ तिथूनच सुरू करायची असं त्याला सांगितलं आहे. मग त्याच्या लक्षात येतं की पहिली वेलांटी राहिली. ती तर चच्या आधी येते. म्हणजे जीभ पुढे गेली आणि हाताने मागे यायचं. पण मागे जागाच नाही, तिथे लाल रेघ आहे. तो क्षणभर विचार करतो आणि वेलांटी समासाच्या पलीकडे काढतो. मोठी माणसं त्याला म्हणतात, समास सोडून लिहिलंस, गचाळ. खरं तर त्या एका क्षणात त्याने केवढं गणित केलेलं असतं! पुढे म. म की भ, यासाठी शेजारच्याच्या वहीत एक नजर. मग 'णी'. आमच्या मुलांच्या तोंडी ण नाही, पाणी म्हणजे पानी, म्हणून तो नी लिहितो. ऐकलं तसंच लिहिलं. दुसरी वेलांटी मात्र सोपी, ती बोलण्याच्या क्रमानेच येते. शेवटी वरची रेघ. ती ओढायला मुलांना फार आवडतं, त्यामुळे ती चिमणीच्या पुढे दोन बोटं जाते आणि पुढचा शब्दही तिलाच टांगला जातो. दोन शब्द एक झाले. एवढं होईपर्यंत त्याला चिमणीबद्दल काय सांगायचं होतं ते तो विसरलेला असतो. डोक्यात अख्खी गोष्ट आणि कागदावर 'चिमनी'. लहान मुलाला लिहायला शिकवताना ही दरी रोज समोर असते आणि मी तिचा विचार करत नाही असा एक दिवस जात नाही.

या दरीवर दोन्ही बाजूंनी काम करावं लागतं. एक बाजू हाताची. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या मनगटातली हाडं अजून पुरती भरलेली नसतात. पेन्सिल तीन बोटांत धरून पानभर चालवणं ही त्याला मेहनत आहे. बोर्डीत आणि मग कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांबरोबर काम करताना शिंपले, बिया, काड्या, पानं असलं आवारातलंच साहित्य हाताशी घेतलं होतं. ते मी माझ्यापरीने अजून वापरते. आमच्याकडे चिंचोके आहेत, कपाशीच्या वाळलेल्या पळकाट्या आहेत, तापीकाठची मऊ वाळू आहे. पहिलीची मुलं वाळूच्या ताटात बोटाने अक्षर काढतात, मोडतात, पुन्हा काढतात. वाळूत खाडाखोड राहत नाही, म्हणून भिणारी मुलंही बोट घालतात.

दुसरी बाजू सांगण्याची. तिथे मी हात उसना देते. मूल सांगतं, मी लिहिते. रोज सकाळी प्रार्थना, हजेरी झाली की फळ्याचा उजवा अर्धा भाग 'आजची बातमी'साठी. ज्याच्याकडे बातमी असेल त्याने यायचं, सांगायचं, मी त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहिणार, मग आम्ही सगळे ती वाचणार. बातमीच्या खाली सांगणाऱ्याचं नाव. हे काही मी शोधलेलं नाही. आमच्या खानदेशात तर याचं फार मोठं उदाहरण घरात आहे. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या शेतात, जात्यावर, चुलीपुढे गाणी रचत आणि म्हणत. मुलगा सोपानदेव आणि त्याच्या मावसभावाने ती ऐकून वहीत उतरवली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या, सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली गाणी छापून आली. कुणीतरी कान देऊन, त्यांच्या बोलीत ढवळाढवळ न करता लिहून घेतलं, म्हणून ती आपल्यापर्यंत आली. पहिली-दुसरीच्या शिक्षकाने सोपानदेवांचं काम करायचं असतं असं मला मनापासून वाटतं. समोरच्या सत्तावीस पोरांतली बहिणाबाई कोण, हे आपल्याला आधी कळत नाही, म्हणून सगळ्यांचंच लिहून घ्यायचं.

त्या फयावरल्याची बातमी यायला बराच वेळ गेला. तो मागे बसून ऐकायचा आणि इतरांच्या बातम्या सुंदर अक्षरात उतरवून घ्यायचा. एके दिवशी स्वतःच उठून आला. "हेरमा पानबुडी मोटार पडनी," म्हणाला. विहिरीत मोटार पडली. वर्ग गप्प झाला, कारण ही आमच्याकडे साधी बातमी नाही. ऐन गव्हाला पाणी द्यायच्या दिवसांत मोटार विहिरीत जाते म्हणजे घरात काय झालं असेल ते सात वर्षांच्या पोरांनाही समजतं. मी लिहिलं. कशी पडली विचारलं. दोर तुटला. मग? गावातला एक जण गळ टाकून बसला. निघाली? अजून नाही. चार ओळी झाल्या. तो जागेवर गेला, वही काढली, फळ्यावरून उतरवून घेऊ लागला आणि मध्येच थांबून ओरडला, "मॅडम, तुम्ही पानबुडी लिखी नही!" तो पाणबुडी मोटार म्हणाला होता, मी नुसतं मोटार लिहिलं होतं. साधी मोटार काठावर असते, ती पडायचा प्रश्न येत नाही. पाण्यात सोडलेली असते ती पाणबुडी. त्याचं बरोबर होतं. मी दोन शब्दांच्या मधे वर खूण करून पानबुडी घातलं. त्या दिवशी त्याने पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बोट ठेवून वाचलं. पट आणि हजेरी फळ्याच्या कोपऱ्यात रोजच्यासारखी होती. ती त्याने वहीत घेतली नाही.

यानंतरचा टप्पा अवघड, कारण एक दिवस मूल स्वतः लिहायला लागतं आणि ते जे लिहितं ते शुद्ध नसतं. वर्गात एक खोका ठेवला आहे, बुटांचाच, वरून चीर पाडलेला. ज्याला मला काही लिहून कळवायचं असेल त्याने त्यात चिठ्ठी टाकायची, मी दुसऱ्या दिवशी उत्तर देते. दिवाळीच्या सुट्टीनंतर एका मुलीची चिठ्ठी आली. ती वर्गात फारशी बोलत नाही. चिठ्ठीत लिहिलं होतं: 'मनी माय कापुस येचाले जास. तिना बोटले बोंड टोचस. मी फुक मारस.' एवढंच. माझी आई कापूस वेचायला जाते, तिच्या बोटाला बोंड टोचतं, मी फुंकर घालते. ज्यांनी कापूस वेचलेला नाही त्यांना सांगायला हवं की वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात आणि संध्याकाळी वेचणाऱ्या बायकांची नखांभोवतीची कातडी फाटलेली असते. त्या रात्री त्या भाकरीच्या पिठात हात घालताना आधी क्षणभर थांबतात. हे सगळं त्या चिठ्ठीत होतं. शुद्धलेखनाच्या नजरेने पाहिलं तर तीन ओळींत लाल पेनाने गोल करण्यासारख्या जागा किती निघाल्या असत्या, मोजत बसले नाही. खाली मी लिहिलं, 'तू फुंकर घातली की आईचं दुखणं थांबतं का?' दुसऱ्या दिवशी खोक्यात उत्तर होतं, 'नही थामस. तरी मारस.'

नाही थांबत. तरी घालते.

चांगला वाचक एक प्रश्न विचारतो आणि त्यातून पुढचं वाक्य येतं. हे मी अनेक प्रशिक्षणांत ऐकलं होतं, त्या चिठ्ठीत ते माझ्या डोळ्यांसमोर झालं. मी तिला 'छान' लिहिलं असतं तर ते शेवटचं वाक्य जन्मालाच आलं नसतं. वहीवर सही, तारीख आणि 'छान' हे आम्हा शिक्षकांचं ठरलेलं उत्तर आहे आणि वह्यांचा ढीग बघता ते समजण्यासारखंही आहे. दोन शिक्षकी शाळेत पहिलीला पाट्या देऊन दुसरीकडे वळायचं, तेवढ्यात फोनवर माहिती मागवणारा संदेश येतो, शालेय पोषण आहाराची नोंद राहिलेली असते. पण दिवसाला दोन वह्यांना खरं उत्तर देता येतं. तेवढं जमतं.

तपासायचं काय, यावर माझं एक ठरलेलं आहे. एका मुलाच्या लिहिण्यातली एका वेळी एकच गोष्ट उचलायची. कुणाचे शब्द एकमेकांत शिरतात, त्याला महिनाभर फक्त दोन शब्दांत एक बोट. कुणाचा अनुस्वार राहतो, त्याला तेवढाच. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी वही चाळत विचारलं होतं, बाकीच्या चुका तुम्हाला दिसल्या नाहीत का? दिसल्या होत्या, सगळ्या दिसल्या होत्या. पण सात वर्षांच्या मुलाच्या चार ओळींत वीस लाल खुणा केल्या तर पुढच्या वेळी ते मूल दोनच ओळी लिहितं, आणि त्यातही जे शब्द हमखास येतात तेवढेच वापरतं. पाणबुडी लिहीत नाही, मोटार लिहितं. मग तेही लिहीत नाही, 'मला माझी शाळा खूप आवडते' एवढं लिहून बसतं. चुका कमी होतात, वही स्वच्छ दिसते आणि मूल त्यातून निघून गेलेलं असतं.

आमच्या भागात तर चूक म्हणायचं कशाला, हाच प्रश्न आहे. मुलं 'फया' लिहितात, 'डोया' लिहितात, 'साया' लिहितात. फळा, डोळा, शाळा. ळ आमच्या मुलांच्या घरात बोललाच जात नाही, त्या जागी य येतो. म्हणजे जे मूल 'फया' लिहितं त्याचा कान आणि हात यांचं अचूक जुळलेलं आहे. ज्या मुलाने तो शब्द नुसता उतरवला त्याच्याहून ते लिहायला शिकण्याच्या कितीतरी जवळ आहे. बहिणाबाईंची बोली लेवा गणबोली, आमच्या अहिराणीपेक्षा वेगळी, पण हा ळचा य दोन्हीकडे सारखा. त्यांचं 'मन वढाय वढाय' सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. वढाय म्हणजे ओढाळ. तिथे कुणी ळ मागितला नाही, उलट त्या य मध्येच गोडवा आहे असं आपण म्हणतो. मग त्याच जिल्ह्यातल्या दुसरीच्या पोरीने 'डोया' लिहिलं की आपलं लाल पेन का उघडतं, हे मला कधीच उमगलं नाही. फलटणच्या मॅक्सिन बर्नसन मूळच्या भाषावैज्ञानिक, त्यांनी आधी फलटणच्या लोकांच्या बोलण्यातल्या वेगवेगळ्या तऱ्हांचा अभ्यास केला आणि मग १९८४ साली तिथे प्रगत शिक्षण संस्था सुरू केली. आधी माणसं कशी बोलतात ते ऐकायचं आणि मग शाळा काढायची, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

तरीही त्या मुलीचे वडील भेटायला आले तेव्हा माझी पंचाईत झाली. कापसाची चिठ्ठी मी तिला विचारून भिंतीवर लावली होती. ते बराच वेळ ती वाचत उभे राहिले, ओठ हलत होते. मग माझ्याकडे वळून, जपून जपून, एकेक शब्द निवडून मराठीत म्हणाले, "मॅडम, ही भाषा तर ती घरी बोलतेच. शाळेत मराठी शिकवा. आम्हाला तालुक्याच्या ऑफिसात बोलता येत नाही, म्हणून तर शाळेत घातलंय तिला." यावर मी काय बोलणार? त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. अर्ज प्रमाण मराठीत असतो, शिष्यवृत्तीचा पेपर प्रमाण मराठीत असतो. त्या भाषेवाचून अडलेला माणूस समोर उभा होता आणि माझ्याशी बोलायला तीच भाषा चाचपडत शोधत होता. त्यांना मी भिंतीवरच्या चिठ्ठीच्या शेजारचा कागद दाखवला. तिथे त्याच तीन ओळी पुस्तकाच्या भाषेत आहेत, त्या मी लिहिलेल्या नाहीत, वर्गाने मिळून केलेल्या आहेत. 'मनी माय'ला पुस्तकात काय म्हणतात? माझी आई. 'जास'ला? जाते. मुलांना यात कोड्यासारखी मजा येते, हात वर होतात. 'फुक मारस'पाशी वर्ग अडला होता. कुणी म्हणालं फुंक मारते, कुणी फुंकर घालते. शेवटी त्या मुलीने ठरवलं, फुंकर घालते. वडिलांनी तो दुसरा कागदही वाचला. हं, म्हणाले. पटलं की नाही ते मला कळलं नाही. जाताना विचारलं, "परीक्षेत कुठलं लिहायचं हे तिला समजतं ना?" समजतं, मी म्हटलं. अजून पुरतं समजत नाही, म्हणून त्यावर काम चालू आहे, हेही सांगितलं.

लेखनाची अडचण अशी की ते मोजता येत नाही. २००५ पासून 'असर' या ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या पाहणीत घरोघरी जाऊन मुलांना वाचता येतं का, वजाबाकी-भागाकार येतो का, हे पाहतात आणि त्याने देशाचे डोळे उघडले. २०२१ साली केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान आलं, त्यात दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द समजून वाचावेत असं लक्ष्य आहे. त्यामुळे वाचनाला आमच्याकडे तक्ते आहेत, घड्याळ आहे, रकाने आहेत. याचं मला वाईट वाटत नाही, आमची मुलं त्यामुळे जास्त वाचतात. पण जे मोजलं जातं त्याला वेळ मिळतो आणि जे मोजलं जात नाही ते शेवटच्या तासाला ढकललं जातं. 'तरी मारस' या दोन शब्दांना कुठल्या रकान्यात घालणार? मिनिटाला दोन शब्द? त्या पोरीला ते लिहायला एक रात्र लागली होती.

यंदा मुलांच्या बातम्या आणि चिठ्ठ्या निवडून, जाड दोऱ्याने शिवून, पहिलीच्या मुलांसाठी वाचायचं पुस्तक करायचं आम्ही घेतलं आहे. जूनमध्ये जी मुलं येतील त्यांना वाचायला पहिले शब्द आपल्या घरातले मिळावेत, म्हणून. डाव्या पानावर लिहिणाऱ्याची भाषा, उजव्या पानावर पुस्तकाची. पाणबुडी मोटारीचं चित्र काढायला तिघं जण बसली आहेत आणि तिचा आकार कसा असतो यावर त्यांचं एकमत होत नाही. उजव्या पानांवर मात्र काम थांबलं आहे, कारण तिथे पावलोपावली ळ लागतो आणि तो अजून कुणाच्या जिभेला वळत नाही. त्यासाठी येत्या शनिवारी सकाळच्या शाळेत वह्या घेऊन फाट्यापर्यंत जायचं ठरवलं आहे. तिथे केळीच्या ट्रका भरतात. वजनकाट्याच्या पाटीवर, ट्रकच्या पाठीवर, व्यापाऱ्यांच्या गाळ्यांवर सगळीकडे केळी लिहिलेलं असतं आणि भरणारा प्रत्येक माणूस केयी म्हणत असतो. जिथे जिथे ळ दिसेल तो वहीत टिपायचा, मग तिथल्या माणसाला तो शब्द म्हणायला सांगायचा आणि ऐकू येईल तसा शेजारी लिहायचा. सोमवारपासून उजवी पानं पुन्हा सुरू. त्या मुलीने चौथीतून बाहेर पडेपर्यंत दोन्ही तऱ्हांनी लिहायला हवं, वडिलांना मी तसा शब्द दिला आहे, आणि माझी बदली झाली नाही तर हाताशी अजून दोन वर्षं आहेत.